खोटे आभार मानण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं का?

एका लेकीचं पत्र आलंय. नाव देऊ नका म्हणाली, सोलापूरची आहे एवढं सांगितलं तर चालेल म्हणाली. थोडं कमी करून खाली देते.

"मावशी, जय ख्रिस्त. मी ३४ वर्षांची, अक्कलकोट रोडकडं राहते. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते, दिवाळीनंतर मालकानं निम्मे माग बंद केले आणि ह्यांना बसवलं, आता कधी आठवड्यात चार दिवस काम मिळतं कधी दोनच. मी घरी शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई करते, पीसवर. रात्री आमची कुटुंबप्रार्थना असते, लग्न झाल्यापासून एक दिवस चुकलेली नाही. पण आता मी तोंडानं तुझे उपकार तुझे आभार म्हणते आणि मनात चाललेलं असतं की बचत गटाचा हप्ता कुठून भरायचा. काही बोलायला गेलं की सासूबाई म्हणतात, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा असं वचन आहे, कुरकुर करू नको. चर्चमध्ये साक्षीला उभी राहा, म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते सगळ्यांपुढं सांग म्हणतात, मी टाळते. परवा माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, आई आपण रोज तेच तेच म्हणतो, देवाला कंटाळा येत नसेल का? मला उत्तर देता आलं नाही. रात्री झोप नाही, मोरीत जाऊन रडते. मावशी, खोटे आभार मानण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं का? मी ढोंगी झालेय का?"

लेकी, जय ख्रिस्त.

आधी तू विचारलंस त्याचं उत्तर देते मग बाकीचं बोलू. हो, देवापुढं खोटं बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. पण खोटं बोलायचं नाहीतर गप्प बसायचं ह्या दोनच वाटा तुझ्यापुढं नाहीत, तिसरी पण आहे, आणि तिच्याबद्दलच मला तुझ्याशी बोलायचंय. आणि ढोंगी तू नाहीस. ढोंग माणूस दुसऱ्याला दाखवायला करतो, तू तर साक्षीला उभं राहायचंच टाळतेस, कारण खरं नसलेलं चारचौघांत बोलायला तुझी जीभ रेटत नाही. हे तुझ्या श्रद्धेचं जिवंतपण आहे असं मला वाटतं, मनापासून वाटतं.

पण सगळ्यात आधी झोपेचं. एलीया संदेष्टा आठवतोय ना, १ राजे १९ मधला, रतामाच्या झुडपाखाली बसून मला मरण दे म्हणणारा. त्याच्याकडं देवाचा दूत आला तो काय म्हणाला? उपकारस्तुती कर असं नाही म्हणाला. ऊठ, खा म्हणाला. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवला होता, ते खाऊन एलीया परत झोपला, आणि दूतानं त्याला झोपू दिलं, मग दुसऱ्यांदा उठवून परत खायला लावलं. तेव्हा तू पण आधी नीट जेव, आणि रोजच झोप येत नाही रडू येतंय असं असेल तर डॉक्टरांना सांग, सिव्हिलला जा किंवा तुमचे नेहमीचे डॉक्टर असतील त्यांना सांग, सगळं सांग, लाजू नको. ह्याचा आणि विश्वास कमी पडल्याचा काहीएक संबंध नाही.

आता सासूबाईंचं वचन. १ थेस्सलनीकाकरांस ५:१८, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." वचन खरंच आहे, त्याला मी हात लावणार नाही. पण पुस्तक उघडून त्याच पानावर चार ओळी वर जा, १४ वं वचन वाच, तिथं पौल लिहितो की जे अल्पधीर आहेत त्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या, सगळ्यांशी सहनशीलतेनं वागा. म्हणजे उपकारस्तुती करा हे ज्या मंडळीला सांगितलं तिलाच आधी सांगितलं की खचलेल्याला धरा. आपल्याकडं काय होतं, १४ वं वचन राहून जातं आणि १८ वं तेवढं तोंडपाठ होतं, आणि मग ते रडणाऱ्याला गप्प करायला वापरलं जातं, मला ह्याचा फार त्रास होतो, चर्चमध्ये इतकी वर्षं बघत आलेय मी.

आणि नीट बघ, "सर्व स्थितीत" आहे. ह्यांचं काम गेलं ह्याबद्दल धन्यवाद म्हण असं त्यात नाही. काम गेलेलं असताना सुद्धा देवाशी बोलणं तोडू नको, आभाराला जिथं खरी जागा आहे तिथं आभार मान, एवढंच. कुणी तुला इफिसकरांस ५:२० दाखवेल, तिथं सर्व गोष्टींबद्दल असं लिहिलंय, हो लिहिलंय. पण मी असले प्रश्न येशूकडं बघून सोडवते. योहान ११ वाच. लाजरच्या कबरेपाशी तो आधी रडला, ३५ व्या वचनात, आणि मग ४१ व्यात वर बघून पित्याचे आभार मानले. कशाबद्दल? तू माझं ऐकलंस म्हणून. मित्र मेला हे बरं झालं, तुझे उपकार, असं तो म्हणाला नाही. रडणं आणि आभार दोन्ही एकाच कबरेपाशी, एकाच माणसाच्या तोंडून, आणि तो माणूस आपला प्रभू. मग तू मोरीत रडलीस तर काय बिघडलं, फक्त मोरीत एकटी रडू नको, त्याच्यासमोर रड.

कुरकुर म्हणतात ना सासूबाई, कुरकुर वेगळी. इस्राएल लोक रानात कुरकुर करत होते ती मोशे आणि अहरोनावर, तंबूतंबूत, आपापसात. देवाशी सरळ कोण बोलत होतं त्यातलं? आणि स्तोत्र १३ बघ, "हे परमेश्वरा, कोठवर" इथूनच सुरू होतं, तू मला विसरलास का असं तोंडावर विचारतं, ते शास्त्रात आहे, आपण ते वाचतो. सहाच वचनं आहेत त्याला, शेवटी गाणं येतं. आणि स्तोत्र ८८ ला तर शेवटी गाणं पण येत नाही, अंधारातच संपतं, तरी कुणी ते काढून टाकलं नाही. तेव्हा हप्त्याचं सांग देवाला. आकडा सांग, तारीख सांग. तुझ्या मनात हप्ता आणि तोंडात आभार अशी जी फाळणी झालीय ना ती तिथंच भरून येईल, हप्ता तोंडात आला की मग आभाराला मनात जागा होते.

तुला माझ्या दादांची गोष्ट सांगते, म्हणजे वडिलांची, आम्ही दादा म्हणायचो. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळेत होते. आमच्याकडं ज्वारी म्हणजे जीव, तुला माहितीय, आणि त्या साली शेतात कडबा सुद्धा नव्हता. आई आणि दादा दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, हाताला फोड यायचे आईच्या, आणि रेशनला मिळायचा मिलो, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. आईचा हात भाकरीला इतका चांगला पण ती भाकरी थापताना चिरायची, खाताना घशात अडकायची, आम्ही पोरं रडायचो की ही नको. एका रात्री ताटं वाढली आणि दादांनी प्रार्थना केली, मी अजून शब्द न् शब्द सांगू शकते. म्हणाले, "बापा, ही भाकरी आम्हाला आवडत नाही. पण पोरं उपाशी झोपणार नाहीत आज. तुझे उपकार. आमेन." बास. एवढीच. आई डोळे उघडून त्यांच्याकडं बघत राहिली कारण आवडत नाही असं कुणी प्रार्थनेत म्हणतं होय! पण त्या रात्री आम्ही खाल्ली ती भाकरी, आणि मला आज ६० च्या पुढं आल्यावर वाटतं की मी आयुष्यात ऐकलेली सगळ्यात खरी उपकारस्तुती तीच. त्यात भाकरीला गोड म्हटलेलं नाही, आणि भाकरी मिळाली हे विसरलेलं पण नाही.

ती तिसरी वाट म्हणजे हीच लेकी. जे आवडलं नाही ते आवडलं नाही म्हण, आणि त्याच दमात जे मिळालं ते मिळालं म्हण.

आता तुझ्या मुलीचं, ती पोर फार मोलाचं बोललीय. आपल्या प्रार्थना कशा असतात बघ, "हे आमच्या स्वर्गीय पित्या, आजपर्यंत तू आम्हाला सांभाळलंस, चालवलंस, श्वास दिलास, जीवन दिलंस, तुझे उपकार, तुझे आभार, तुझी स्तुती, तुझा धन्यवाद." वाईट नाही त्यात काही, आमच्या आज्याही असंच म्हणायच्या आणि त्या म्हणायच्या तेव्हा डोळे भरायचे. पण ही वाक्यं रोज वापरून टॉवेल झिजतो तशी झिजतात, मग त्यानं पाणी पुसलं जात नाही. म्हणून तू असं कर, एक आठवडा हे तयार वाक्य बाजूला ठेव. त्याऐवजी आजच्या दिवसातलं एकच सांगायचं, एकच, आणि ते कालचं नसलं पाहिजे. आणि ते कुणाच्या हातून आलं ते पण सांगायचं. नळाला आज पाणी आलं आणि आमच्या आधी शेजारच्या काकूंनी हाक मारली म्हणून ड्रम भरून झाला. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, ती हाक चुकली तर काय होतं हे सोलापूरच्या बाईला सांगायला नको. मशीनचा दोरा आज एकदाही तुटला नाही. मुलीला गणितात कळलं. असलं बारीक.

लूक १७ मधले येशूनं बरे केलेले दहा कुष्ठरोगी आहेत ना, त्यांच्याबद्दल मी हल्ली खूप विचार करते. नऊ जण परत आले नाहीत म्हणून आपण त्यांना फार बोलतो. पण त्यांना येशूनंच सांगितलं होतं की जा आणि याजकांना दाखवा, ते सांगितलेलंच करत होते, कदाचित घरी पोराबाळांना कधी बघतो असं झालं असेल त्यांना, काय चूक त्यांची. परत आलेला तो एकटा शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका, त्याच्याबद्दल शास्त्र काय म्हणतं बघ, आपण बरे झालो आहोत हे पाहून तो परत आला. पाहून! आधी त्यानं आपल्या हाताकडं बघितलं असेल चालता चालता. मग वळला. मोठ्यानं ओरडत वळला. मनात आभार दाटून येण्याची तू वाट बघत बसलीयस आणि ते येत नाहीत म्हणून स्वतःला ढोंगी म्हणतेस, पण त्याचं उलट्या क्रमानं झालं, आधी बघणं, मग वळणं, भावना कुठं आली ते लूकनं लिहिलेलं पण नाही. तेव्हा तू भावनेच्या मागं लागू नको, बघायच्या मागं लाग.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. आमच्या ह्यांचं डायलिसिस दोन वर्षं चाललं होतं, आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. भेटायला येणारे म्हणायचे सर्व स्थितीत धन्यवाद द्या वहिनी, आणि मला वाटायचं की उठून जावं तिथून. माझी प्रार्थना आटली होती अगदी. त्या काळात मला एकच खरं म्हणता यायचं, आज सुई पहिल्याच वेळेला लागली. कारण हाताच्या फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेल्या शिरेत, सुई नीट नाही लागली तर दोनदा तीनदा टोचायचे आणि ह्यांचा हात काळानिळा व्हायचा, मग घरी येईपर्यंत हे बोलायचे नाहीत. सुई लागली की मी बाहेरच्या बाकड्यावर येऊन म्हणायचे, प्रभू, आज लागली. आणि सुई लावणाऱ्या त्या मुलाला पण सांगायचे की बाळा आज तुझ्या हातानं त्रास झाला नाही रे. त्याला इतकं बरं वाटायचं. कित्येक महिने माझी सगळी उपकारस्तुती एवढीच होती. हे गेले. मी अजूनही त्या बाकड्याला माझी प्रार्थनेची खोली मानते.

एक गोष्ट मात्र करू नको. "आपल्यापेक्षा वाईट हालत किती जणांची आहे, त्यामानानं आपलं बरं आहे, धन्यवाद प्रभू" हे म्हणू नको, मुलीला तर शिकवूच नको. लोकांना हे फार नम्र वाटतं. पण शास्त्रात असे आभार मानणारा एक माणूस आहे, लूक १८ मधला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, तो मंदिरात उभा राहून म्हणतो की मी इतरांसारखा नाही म्हणून मी तुझे आभार मानतो, आणि येशू म्हणतो की नीतिमान ठरून घरी गेला तो दुसरा, छाती बडवणारा जकातदार. शेजाऱ्याच्या दुःखावर उभं राहून मोजलेले आभार मला भीतीदायक वाटतात. तुझ्या शेजारणीचा नवरा दारू पितो आणि तुझा पीत नाही हे तुझ्या आभाराचं कारण नको व्हायला, ती पण त्याच देवाची लेक आहे.

आता मिस्टरांचं, कारण पत्रात तू त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिलीस. घरात बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून रोज रात्री मोठ्यानं "कसल्याही परिस्थितीत तू आम्हाला पुरवतोस" असं म्हटलं की त्याला काय ऐकू जातं? मी पुरवत नाही, हे ऐकू जातं. तो काही बोलणार नाही, मान खाली घालून आमेन म्हणेल. त्यापेक्षा त्यांच्या हातून जे आलं ते नाव घेऊन देवाला सांग, त्यांच्यासमोर. आज ह्यांनी पाणी भरलं, पोरीला शाळेत सोडलं, दोन दिवसांच्या हजेरीचे पैसे आणून सरळ माझ्या हातात दिले, प्रभू तुझे उपकार. आणि प्रार्थना झाल्यावर त्यांना पण वेगळं सांग. नवरा-बायकोत आभार मानायची आपल्याकडं पद्धत नाही, अवघडल्यासारखं होतं, ते मला माहितीय. तरी सांग.

सासूबाईंशी वाद घालू नको, १४ वं वचन त्यांना फेकून मारायला मी तुला दिलेलं नाही. मला वाटतं त्या घाबरल्यात. लेकाचं काम गेलं की आई घाबरतेच, आणि काही जणांना भीती वाटली की ते वचन घट्ट धरतात, तेवढंच त्यांच्या हाताला लागतं. तुझ्या वयावरून त्या माझ्याच वयाच्या आसपास असतील, म्हणजे बहात्तर साली त्यांना कळत होतं. एखाद्या दुपारी काजं-बटणं करायला त्यांना जवळ बसवून घे आणि विचार, आत्या, दुष्काळात तुमच्या घरी काय खायचात ओ? सुकडी खाल्ली का, मिलो खाल्ला का? त्यांना बोलू दे. स्तोत्र १०३ म्हणतं ना, त्याचे सर्व उपकार विसरू नकोस, तर न विसरायला आधी कुणीतरी आठवण विचारावी लागते. त्यांच्याकडून वचन ऐकलंस, आता त्यांच्या वचनामागची गोष्ट ऐक. मुलीला पण बसव शेजारी.

पाकिटाचं तू विचारलं नाहीस तरी सांगते कारण हे ओझं असणारच. चर्चमध्ये उपकारस्तुतीची पाकिटं वाचली जातात, अमुक कुटुंबाकडून वाढदिवसानिमित्त पाचशे एक, तमुक कुटुंबाकडून हजार एक, आणि आपण पाकीट दिलं नाही तर लोक काय म्हणतील. उसने काढून देऊ नको, वीस रुपये असतील तर वीस दे, नसतील तर देऊ नको. त्यापेक्षा लेवीय ७ मधली एक गोष्ट मला फार आवडते. उपकारस्तुतीचा जो यज्ञ असायचा त्याचं मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही असा नियम होता. आता आख्खा गोऱ्हा नाहीतर मेंढरू एका दिवसात एकटं कुटुंब कसं संपवणार? माणसं बोलवावीच लागणार, साठवून ठेवताच येणार नाही. तेव्हा ज्या दिवशी ह्यांना काम लागेल, अगदी एका दिवसाचं का असेना, त्या संध्याकाळी हुलग्याचे शेंगोळे कर जरा जास्तीचे आणि ती पाण्याला हाक मारणारी काकू आहे ना तिला वाटीभर नेऊन दे. आज ह्यांना काम होतं म्हणून आणलं, एवढं सांग. ती कुठल्या का धर्माची असेना. ही तुझी साक्षच झाली, चर्चमध्ये नंतर उभी राहा, जेव्हा वाटेल तेव्हा. आणि उभी राहशील तेव्हा सगळं सुरळीत झालंय असं सांगायची गरज नाही, काम अजून लागलेलं नाही आणि आम्ही अजून प्रार्थना करतोय, अशी पण साक्ष असते, आणि मागच्या बाकावर बसलेल्या दोन-चार बाया फक्त तीच ऐकायला आलेल्या असतात.

रोज जमलंच पाहिजे असं करू नको. एखाद्या दिवशी काहीच दिसलं नाही तर तसंच सांग, आज मला काही दिसलं नाही प्रभू, उद्या दाखव. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितेस ना, त्याच चौकोनात एक शब्द लिहून ठेवत जा, पाणी, दोरा, गणित, असं, बाकी वही वगैरे नको. महिना उलटला की पान फाडायच्या आधी सगळ्यांनी मिळून एकदा वाचा.

आणि आज रात्री प्रार्थनेला बसाल तेव्हा मुलीला सांग की तू बरोबर विचारलंस, आईला पण कंटाळा आला होता, आजपासून सुरुवात तू कर. दिवसभरात काय मिळालं आणि काय आवडलं नाही, दोन्ही देवाला सांग म्हणावं. ती शाळेतलं काहीतरी सांगेल, डब्यातलं सांगेल, कदाचित बाबा घरी असतात म्हणून बरं वाटतं असं पण सांगेल, लेकरं काय बोलतील नेम नाही. तू त्यात काही जोडू नको, सुधारू नको, तिचं झालं की फक्त आमेन म्हण आणि दिवा बंद कर.

तुझी,
मावशी